दशावतारासाठी कॅमेरा शिकताना : एका जत्रा-मोसमाच्या नोंदी

कुडाळ तालुक्यात हायस्कूलला गणित शिकवते. बाबा दशावतारात (आमच्याकडे जत्रेत रात्रभर चालणारं लोकनाट्य) स्त्रीपार्ट करायचे. त्यांचा आवाज, चाल, काहीच कुठे टिपलेलं नाही. एक फोटो आहे, तोही पाठमोरा. म्हणून यंदा निदान एक नाटक सुरुवातीपासून उजाडेपर्यंत नीट रेकॉर्ड करायचं ठरवलं. याआधी फक्त मोबाईल हाताळलेला. कोणाला असंच काही करायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडतील. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, बहुतेक घोळ माझेच आहेत.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

कॅमेरा काल दसऱ्याला पूजेत होता, आज डबा उघडला. अमेरिकेतल्या चुलतभावाने पाच वर्षं वापरून ३२,००० रुपयांना दिला. मिररलेस, सोबत १६-५० एमएमची झूम लेन्स, एक बॅटरी, तिकडच्या पिनेचा चार्जर. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे फक्त पिन बदलायची. ४० रुपये.

मॅन्युअल उतरवून घेतलं. पाचशेच्या वर पानं. अकरा वाचली आणि मिटलं.

संध्याकाळी आईला ट्यूबलाइटखाली बसवून बाबांबद्दल बोलतं केलं. ४० मिनिटं, तीन क्लिपा. बाबा लुगडं नेसताना आरसा वापरत नसत म्हणे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात कनातीवर स्वतःची सावली पडायची, ती बघून निऱ्या बसवायचे. पन्नास वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं, कॅमेऱ्यासमोर पहिल्या दिवशी सांगितलं.

रात्री लॅपटॉपवर बघितलं तर आईच्या तोंडावरून काळपट आडवे पट्टे वर सरकत होते.

१९ ऑक्टोबर

आठवडाभर मदत शोधली. मिळाली ती अशी :

पुण्यातला भाचा (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष) : "मावशी, एनडी फिल्टर लाव." (म्हणजे उजेड कमी करणारी काच.) सोबत बावीस व्हिडिओंच्या लिंका. सगळे इंग्रजीत, आणि सगळ्यांत कोणीतरी समुद्रकिनाऱ्यावर धावत असतं.

शाळेचा ग्रुप : "मोबाईलच बरा." चौदा अंगठे.

जिल्ह्याच्या ठिकाणचं एक दुरुस्तीचं दुकान : "सेन्सर गेलाय वाटतं, उघडून बघावं लागेल." बघण्याचे ५०० रुपये आगाऊ. तीन दिवसांनी "तसं काही सापडलं नाही" म्हणून कॅमेरा परत. ५०० गेले.

आता कळतंय की मी सगळ्यांना एकच विचारत होते : व्हिडिओ चांगला येत नाही, काय करू? माझ्या वर्गातलं पोर वही पुढे करून "बाई, गणित येत नाही" म्हणतं, तेव्हा मी त्याला काय म्हणते ते मला ठाऊक आहे.

२७ ऑक्टोबर

मॅन्युअलमध्ये पट्टे, रेघा, रेषा यांच्यासाठी सुचतील ते इंग्रजी शब्द टाकून शोधलं. शून्य. त्या दोषाला तिथे 'फ्लिकर' म्हणतात हे ठाऊक असेल तरच तो सापडतो. दोन तास गेले.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

माझा एक जुना विद्यार्थी लग्नाची शूटिंग करतो. दहावीला गणितात दोनदा बसला होता. फराळाला आला तेव्हा गाऱ्हाणं घातलं. लाडू तोंडात असतानाच म्हणाला, "बाई, सांगू नकात. क्लिप दाखवा."

दहा सेकंद बघितली. "हो लायटीचो दोष नाय, शटराचो. कॅमेरो अमेरिकेतलो ना?"

मला समजलं ते असं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून तिथला कॅमेरा एनटीएससीवर (तिकडच्या व्हिडिओ पद्धतीवर) लावलेला : सेकंदाला ३० फ्रेम, शटर १/६० (म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग उजेड घेते). एवढ्या वेळात आपल्या ट्यूबचे पुरे दोन ठोके मावत नाहीत. फ्रेम ओळीओळीने टिपली जाते, म्हणून प्रत्येक ओळीला ठोक्याचा वेगळा तुकडा मिळतो आणि त्याचाच पट्टा दिसतो. १/५०ला बरोब्बर दोन ठोके, १/१००ला एक. म्हणजे कॅमेरा पालवर (आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीवर) न्यायचा, २५ फ्रेम, शटर १/५० आणि ते हाताने अडकवून ठेवायचं. लसावि-मसाविचं गणित, आणि ते मला कोणी शिकवलं, तर गणितात दोनदा बसलेल्या पोराने.

तो गेल्यावर मीच मेनूत शिरले. पालवर नेताना कॅमेऱ्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी ओके दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा ओके. कार्ड फॉरमॅट झालं. आईच्या तिन्ही क्लिपा त्याच कार्डावर, आणि त्या कुठेही उतरवलेल्या नव्हत्या. लॅपटॉपवर बघितल्या होत्या त्या कार्डावरूनच. वर "आता पट्टे गेले का बघू" म्हणून त्याच कार्डावर मिनिटभर भिंत रेकॉर्ड केली.

(पट्टे गेले होते.)

रात्री साडेअकराला त्याला फोन. त्याने दोनच वाक्यं सांगितली : कार्ड बाहेर काढा, आता त्याच्यावर काही लिहू नका. फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तिथेच असतो. नवीन काही लिहिलं की मगच खालचं जातं. फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, माऊस चालत नाही, पण काम करतं. पहाटे तीनपर्यंत दोन क्लिपा सुटल्या. पहिली आली नाही, तिच्या जागेवर माझी भिंत बसलेली. सावली आणि निऱ्या पहिल्या क्लिपेत होत्या.

आईला पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं तिने, पण या खेपेला सावलीचं आलंच नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "सांगलंय मा तुका एकदा."

१० नोव्हेंबर

भाच्याच्या सल्ल्याने 'लॉग' लावून अंगणात तुळशीजवळ रेकॉर्ड केलं. त्यात चित्र मुद्दाम फिकं येतं, रंग मागाहून चढवायचे. कॅमेरा लॉगमध्ये आयएसओ (चित्र किती उजळवायचं तो आकडा) एका मर्यादेखाली उतरूच देत नाही, आणि या लेन्सने रात्री तो एवढा चढवावा लागला की तुळस राखेत लोळवल्यासारखी दिसली. रंग चढवायला गेले तर दाणे रंगीत झाले. बंद केलं, साधा प्रोफाईल ठेवला. एक संध्याकाळ गेली. भाच्यावर राग नाही. तो दिवसा शूट करतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार. पहिली जत्रा

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली, जत्रा सुरू. नाटक कंपनीच्या मालकांची परवानगी घेतली. बाबांचं नाव सांगितल्यावर "मगे इचारतास कित्याक?" म्हणाले. समोर मधोमध जागा मिळाली. तिथून पुढचा सगळा घोळ माझा.

२,४०० रुपयांचा नवा ट्रायपॉड. स्थिर आहे, पण कॅमेरा फिरवायला गेलं की आधी अडकतो आणि मग उडी मारतो. संकासूर डावीकडून आला आणि माझा कॅमेरा त्याच्यापर्यंत तीन हिसक्यांत पोचला. लोक संकासुराला हसत होते हे माझं नशीब.

उजेड ऑटोवर. मागे काळी रात्र, पुढे रंगवलेले चेहरे. कॅमेऱ्याला वाटलं फारच अंधार आहे, त्याने सगळं उजळवलं. गणपती, रिद्धी-सिद्धी, ब्राह्मण, शारदा, सगळ्यांची तोंडं चुना फासल्यासारखी. आडदशावतार (आख्यानाआधीचा हा ठरलेला भाग) पूर्ण वाया.

फोकस ऑटोवर. पेटीवाले बुवा कॅमेऱ्याच्या जवळ, त्यांचा चेहरा मोठा. नटाने पाठ फिरवली की फोकस बुवांवर. मध्ये एकदा लाइटभोवतीच्या पाखरावर.

मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा, लागलं. राजा बाकड्यावर बसला (दशावतारात सिंहासन, रथ, पर्वत सगळं त्या एका बाकड्यातच), बोलायला तोंड उघडलं आणि कॅमेरा आपला आपण थांबला. २९ मिनिटं ५९ सेकंद. मला वाटलं बिघडला. बंद-चालू, बॅटरी काढ-घाल, यात चार मिनिटं गेली. पुढच्या अर्ध्या तासाने पुन्हा तेच, तेव्हा आकडा बघून शंका आली. नंतर कळलं की ही मर्यादा मुद्दामच घातलेली. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त सलग रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात बसायची, म्हणून त्या काळातल्या कित्येक फोटो कॅमेऱ्यांना कंपन्यांनी एक सेकंद अलीकडे थांबवलं. युरोपातल्या जकातीने कुडाळातल्या राजाचं भाषण कापलं.

दीडला बॅटरी संपली. दुसरी नव्हतीच. चटईवर बसून उरलेलं नाटक नुसतं बघितलं. नाटक उत्तम झालं.

२४ नोव्हेंबर

मधला आठवडा निवडणुकीच्या ड्यूटीत गेला. मतदान यंत्रांबरोबर एक रात्र शाळेच्या बाकावर काढली, तिथे वहीत दोषांची यादी केली. या वेळी पद्धत बदलली : एका दोषाला एक क्लिप, वीस सेकंदांच्या आतली, आणि खाली त्या वेळचे आकडे. शटर, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं तो आकडा), आयएसओ, लाइट कसली, नट किती फुटांवर. सहा क्लिपा विद्यार्थ्याला पाठवल्या.

पंचवीस मिनिटांत सहाच्या सहा उत्तरं आली. भाच्यालाही त्याच पाठवल्या तर त्याचंही पाच ठिकाणी तेच उत्तर. म्हणजे पोराला येत होतं, मलाच विचारता येत नव्हतं.

विद्यार्थ्याच्या निरोपाची शेवटची ओळ : "३० तारखेक लग्न आसा, माणूस कमी आसा. येतास?"

३० नोव्हेंबर, शनिवार. लग्न

सकाळी सहा ते रात्री दहा. मी ट्रायपॉड उचलणारी, बॅटऱ्या मोजणारी. नवरीच्या आईने मला दोनदा "तुम्ही कोणाकडच्या?" विचारलं.

व्हिडिओ बघून जे कळलं नव्हतं ते इथे हातात बसलं. भरलेल्या बॅटऱ्या उजव्या खिशात, रिकाम्या डाव्या. चुकूनही उलट नाही. भरलेलं कार्ड डबीत पालथं. त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही (हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, भला मुलगा).

उजेडाचं असं : झेब्रा चालू करायचा, म्हणजे जिथे पांढरं जळतंय तिथे पडद्यावर तिरप्या रेघा दिसतात. सगळ्यात गोऱ्या चेहऱ्यावर रेघा उमटेपर्यंत आयएसओ वाढवायचा, मग रेघा जाईपर्यंत उतरवायचा आणि तिथे हात काढून घ्यायचा. मागचा अंधार अंधारच राहू द्यायचा. नवरीच्या मेकअपसाठीची ही युक्ती सफेद्याच्या चेहऱ्यालाही तितकीच लागू.

फोकस : ही लेन्स एफ ५.६वर, ५० एमएमला, ३०-३२ फुटांवर अडकवली तर पुढेमागे पुष्कळ अंतर स्पष्ट राहतं. मी घरी सूत्र घालून बघितलं, साधारण २३ फुटांपासून ५८ फुटांपर्यंत. अख्खा रंगमंच त्यात बसतो. ऑटो हवाच कशाला?

त्याने त्याचा जुना फ्लुइड हेडचा ट्रायपॉड ५,५०० ला दिला. तेलकट, संथ फिरतो. माझा २,४०० चा आता परसात मिरचीचं फडकं धरतो.

७ डिसेंबर. दुसरी जत्रा

चित्र जवळजवळ जमलं. फोर-के सोडून दिलं. शंभर एमबीपीएसने (सेकंदाला शंभर मेगाबिट) तासाला ४५ जीबी लागतात, नाटक पाच तासांचं. फुल एचडी, ५० एमबीपीएस, तासाला साडेबावीस. १२८चं एक कार्ड उजाडेपर्यंत पुरतं. व्हाईट बॅलन्स एका आकड्यावर अडकवला, नाहीतर रंगीत लाइट बदलली की कॅमेरा तिला "दुरुस्त" करतो.

पण पट्टे परत आले! फिकट, संथ, वर सरकणारे. शटर १/५०च होतं, तीनदा बघितलं. विद्यार्थी लग्नात, फोन बंद. मंडपामागे जनरेटर होता, तिथे जाऊन चालवणाऱ्या काकांना मोबाईलवर क्लिप दाखवली. त्यांनी कॅमेऱ्याबद्दल काही विचारलं नाही, पॅनेलवरच्या काट्याकडे बोट केलं. "लोड कमी आसा बाई, म्हणान बावन्नार धावता." खेळण्यांचे पाळणे बाराला बंद झाले होते. भार उतरला की इंजिन किंचित जोरात पळतं, ५०चे ५२ होतात, आणि माझं शटर आणि लाइट यांची लय सुटते. त्यांनी कुठलासा खटका जरा फिरवला, काटा ५०च्या जवळ आला, पट्टे विरले. पाच मिनिटांचं काम. हे उत्तर मला कुठल्या मॅन्युअलात मिळालं असतं?

आवाज मात्र बुडाला. ९५० रुपयांचा कॉलरमाइक आणला होता, तो मोबाईलचा निघाला. त्याच्या पिनेवर तीन काळी वळी, कॅमेऱ्याला दोन वळ्यांची लागते. भोकात बसते व्यवस्थित, पण रात्रभर गुणगुण रेकॉर्ड झाली. हेडफोन लावून एकदा ऐकलं असतं तर कळलं असतं, पण या कॅमेऱ्याला हेडफोनचं भोकच नाही, आणि पडद्यावर आवाजाच्या पातळीचे पट्टे हलत होते म्हणून मी निर्धास्त.

१५ डिसेंबर

साऊंडवाल्या दादांच्या गोडाऊनवर गेले. त्यांच्या मिक्सरमधून थेट तार कॅमेऱ्यात घ्यायचा बेत होता. "ही लायन बाई. तुमच्या त्या भोकात घातलास तर आवाज फाटतलो." मिक्सरमधून येणारा दाब माइकच्या कितीतरी पट असतो, कॅमेऱ्याचं भोक माइकसाठीचं. तरी घालून दाखवा म्हटलं. फाटला.

त्यावर उपाय म्हणजे लाइन-इन, म्हणजे मिक्सरचा एवढा दाब, घेणारा छोटा रेकॉर्डर. जुना ६,५०० ला मिळाला, मिक्सरपासून त्याच्यापर्यंतची तार १८०. पातळी : सगळ्यात मोठ्या आरोळीला काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, एरवी उणे बाराच्या आसपास.

रेकॉर्डर सलग चालतो, त्यामुळे कॅमेरा दर अर्ध्या तासाने थांबला तरी आवाज तुटत नाही. दर नव्या फाइलच्या सुरुवातीला ऐकू येणारी झांजेची पहिली थाप दोन्हीकडे जुळवायची.

२८ डिसेंबर, शनिवार. तिसरी जत्रा

बारा ते साडेपाच. सगळं मिळालं. जवळजवळ.

अर्ध्या तासाच्या मर्यादेचा प्रश्न पेटीवाल्या बुवांनी सोडवला. नाटक सुरू व्हायच्या आधी त्यांच्याजवळ चहा घेतला आणि विचारलं की कॅमेरा कधी थांबवला तर चालेल. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद नट तिथल्या तिथे बोलतात, तेव्हा मिनिटांचा हिशेब कोण देणार? बुवा म्हणाले, "बघण्याआधी आयका." नवं पात्र यायच्या आधी पेटीचा सूर बदलतो, पखवाज सरसावतो, बुवांचं गाणं लांबलं म्हणजे आत कोणीतरी अजून लुगड्याच्या निऱ्या घालतोय. तेव्हा थांबवा, लगेच चालू करा. पंचविसाव्या मिनिटानंतर मी डोळे मिटून ऐकत बसायचे. अकरापैकी नऊ वेळा बरोबर कापलं. दोनदा फसले, त्यातल्या एका वेळी बुवांनीच माझ्याकडे बघून मान हलवली.

चारच्या सुमाराला चित्र दुधाळ झालं. लेन्सवर दव. पुसलं, पाच मिनिटांनी पुन्हा. शेजारी शेंगदाणे विकणाऱ्या मावशींनी स्वतःची छत्री दिली, ट्रायपॉडला दोरीने बांधली. उघड्या आकाशाखाली काच लवकर थंड होते, वर काही आडोसा असला की दव धरत नाही. त्यांनी एवढं सांगितलं नाही, त्यांचे शेंगदाणेही छत्रीखालीच होते. दुधाळ झालेली बारा मिनिटं तशीच राहणार.

बॅटऱ्या तीन, वर पॉवरबँक. पुरल्या.

४ जानेवारी २०२५

जुळवाजुळव चालू आहे. एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती : मिक्सरच्या तारेतून फक्त माइकसमोरचं येतं. लोकांचं हसणं त्यात नाही. नुसता तो आवाज लावला तर विनोद निर्जन गावात चाललाय असं वाटतं. म्हणून कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा भिकार आवाज खाली हळू ठेवला आहे.

हिशेब, रुपयांत : कॅमेरा ३२,०००. पिन ४०. कार्डं दोन २,६००. बॅटऱ्या दोन २,२००. फ्लुइड हेड ट्रायपॉड ५,५००. रेकॉर्डर ६,५००. तार १८०. वाया गेलेले : पहिला ट्रायपॉड २,४००, कॉलरमाइक ९५०, दुकानातले ५००. एकूण ५२,८७०. लग्नातल्या कामाचे विद्यार्थ्याने हजार देऊ केले, घेतले नाहीत; त्याच्या धाकट्या भावाला दहावीचं गणित शिकवते आहे, तेही फुकट.

आईने पहिला तास बघितला. स्त्रीपार्टी आला तेव्हा पुढे वाकून म्हणाली, "पदर डाव्यान धरता. तुझो बापूस उजव्यान." मी कॅमेरा आणायला उठले, तर हात धरून खाली बसवलं : आधी हे बघू दे.

११ तारखेला पुढची जत्रा. छत्री घेतली आहे. जनरेटरवाल्या काकांना फोन केला : ते दुसऱ्या गावात आहेत, पण जो येणार आहे त्याचा नंबर दिलाय.